कोठीत सांगितलेलं आडनाव

दर गुरुवारी सकाळी, लोकांच्या चहाच्या वेळेला, रेडिओवर आडनावांचा कार्यक्रम लागायचा. तो सांगणारे गृहस्थ शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे आडनाववालेच म्हणत. रेडिओ केंद्राचा पहारेकरी म्हणे, भाजीवाली म्हणे, आणि दोघांचं वाजलं की बायकोही म्हणे, "बसा तुमच्या आडनावांना कवटाळून!" त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. मनातून बरंच वाटे.

कार्यक्रमाची रीत साधी होती. एखादं आडनाव घ्यायचं, ते आलं कुठून, त्याचा अर्थ काय आणि ते कुठवर पसरलं ते सांगायचं, मग श्रोत्यांचे फोन घ्यायचे. श्रोते एकेक नमुने. निम्म्यांचे पूर्वज सरदार असत आणि उरलेल्यांचे सेनापती. "अहो, सगळेच घोड्यावर बसलेले होते, तर लीद कोण काढत होतं?" असं ते सरळ विचारून टाकत, आणि काचेपलीकडे बसलेली तंत्रज्ञ बाई तोंडावर हात धरून हसे. पूर्वजाचं काम, गाव नाहीतर एखादी खोड, एवढंच आडनावात उरलेलं असतं, बाकी सगळ्या फुकाच्या बाता, हे त्यांचं पक्कं मत. कुणी शापाबिपाच्या गोष्टी घेऊन फोन केला, की "पुढचा फोन" म्हणून ते मोकळे होत.

त्यांचं स्वतःचं आडनाव दुर्मीळ. मोजकी चुलत घरं सोडली तर ते कुठे सापडत नसे. त्याची गोष्ट मोठी सुरेख होती आणि ती सांगायला त्यांची जीभ सारखी वळवळायची. पण आपणच आपली टिमकी वाजवणं बरं दिसत नाही, म्हणून एवढ्या वर्षांत त्यांनी त्यावर एकही कार्यक्रम केला नव्हता.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणायचे, आणि मोठी होऊन घरांचे नकाशे काढायला लागली तरी ती भिंगरीच राहिली. बापाला अरेतुरे करायची, बापाच्या ताटातलं उचलून खायची, बापाच्या विनोदांवर "बाबा, हा तू मागच्या महिन्यात केलायस" म्हणायची. या मुलीवर त्यांचा इतका जीव होता, की ती लग्न ठरवून आली त्या संध्याकाळी ते आनंदाने बोलले, हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

"मुलगा काय करतो ते सांगितलंस. आडनाव?" डोळे पुसून बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"आलास मुद्द्यावर! कोठारी."

"अरे वा," ते म्हणाले. "अगदी सोपं आडनाव."

पुढच्याच गुरुवारी त्यांनी कोठारी घेतलं. मुलीला भेट म्हणूनच समजा. कोठार म्हणजे साठवणीची जागा. राजाचं असो, गावाचं असो, धान्य जिथे साठवत ते कोठार, आणि त्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो कोठारी. कोठारं काही एकाच ठिकाणी नव्हती. जिथे राज्य तिथे कोठार आणि जिथे कोठार तिथे कोठारी. म्हणून हे आडनाव वाळवंटाकडच्या व्यापाऱ्यांत सापडतं, किनाऱ्यावर सापडतं, डोंगरातही सापडतं. धर्म वेगळे, बोली वेगळ्या, आणि एकाचं दुसऱ्याशी रक्ताचं नातं नाही. "माझी मुलगीही लवकरच या किल्लीवाल्यांच्यात जाणार आहे," त्यांनी शेवटी सांगून टाकलं. राहवलंच नाही.

पहिला फोन एका म्हाताऱ्याचा आला. आवाज फार लांबचा.

"मी कोठारीच. छान सांगितलंत, साहेब. एकच चुकलं. तुम्ही धान्य म्हणालात."

"मग काय असायचं कोठारात?"

"धान्य संपतं हो," म्हातारा म्हणाला. "संपणाऱ्या वस्तूला एवढी राखण कशाला लागेल?"

त्यांनी हसून विचारलं, की मग न संपणारं असं काय असतं. "मुलगी आमच्यात येतेय म्हणालात. म्हणजे तुम्हाला बोलावतील," एवढं म्हणून म्हाताऱ्याने फोन ठेवला. दुसरा फोन एका बाईचा. तीही कोठारी, पण देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाची. बोलीसुद्धा निराळी. तिने अभिनंदन केलं आणि म्हणाली, "बोलावतील हां तुम्हाला." आडनाववाले चिडले. आपली थट्टा चाललीय असं त्यांना वाटलं. पुढचा फोन, म्हणून ते पुढे गेले.

आणि लग्नाच्या आधीच्या आठवड्यात व्याह्यांनी खरंच बोलावलं.

व्याह्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस मृदू, समोरच्याचं बोलणं मान किंचित कलती करून ऐकणारा. विहीणबाई दातांच्या डॉक्टर. घर चौथ्या मजल्यावर, नवं, लख्ख. लिफ्टला आरसा, दाराबाहेर चपलांचं कपाट, बैठकीत फिकट हिरवे पडदे. नाव ठेवायला जागा नाही. देण्याघेण्याचा विषय निघाला, तेव्हा व्याही अक्षरशः लाजले. "आम्हाला काहीच नको. फक्त एक जुनी रीत आहे. तुम्हाला हसू येईल."

"सांगा तर."

"मुलीच्या वडिलांनी आमच्या कोठीच्या खोलीत बसून आपलं आडनाव सांगायचं. कुठून आलं, अर्थ काय, कुठे कुठे गेलं. आठवेल तेवढं."

"एवढंच?"

"एवढंच. तसं लोक दोन वाक्यांत आटपतात. माझ्या सासऱ्यांना तर अर्थही ठाऊक नव्हता." व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्यासारखा जाणकार आमच्याकडे पहिल्यांदाच येतोय. आम्ही सगळे गुरुवारची वाट बघतो हो."

आता तुम्हीच सांगा, जन्मभर जी गोष्ट पोटात दाबून ठेवली, ती ऐकायला कुणी हौसेने बोलावतंय म्हटल्यावर हा माणूस मागे हटणार होता का? त्यांची कळी अशी खुलली की बघत राहावं. त्यांची बायको म्हणाली, "झालं! आता जेवायला रात्र होणार." सगळे हसले. भिंगरी मात्र त्यांना जरा बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आवरतं घे हां. आणि ती खोली मला आवडत नाही."

"का गं?"

"मी मोजून बघितली. सवय ना माझी. या मजल्याच्या नकाशात ती बसतच नाही. बैठकीची भिंत इथे, पलीकडे जिना. मध्ये तेवढी जागाच नाहीये."

"मोजायला चुकली असशील."

"मी?" ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या सासूने हाक मारली आणि ती गेली.

खोली छोटी होती. खिडकी नाही. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्या, आणि सगळ्या फळ्या रिकाम्या. झाडून पुसून स्वच्छ. धूळ नाही, जाळं नाही, कसला वासही नाही. मधोमध एक खुर्ची. व्याही दाराशी उभे राहिले, आणि ते खुर्चीत बसले.

पहिलं वाक्य बोलताच त्यांना काहीतरी खटकलं. आवाजात आयुष्य गेलेला माणूस तो. प्रत्येक खोली आपला आवाज थोडासा परत देते. रेडिओच्या स्टुडिओतही, कितीही कापूस भरा, तो कणभर परत येतो. इथे काहीच परत येत नव्हतं. तोंडातून शब्द निघाला की गेला. पण सांगण्याची लय एकदा लागली आणि ते तेही विसरले.

त्यांनी सगळं सांगितलं. नदीचं वळण सांगितलं, जिथे पाणी फसवं होतं आणि अंधार पडला की नावा खडकावर आदळत. तिथे काठावर रोज कंदील लावणारा त्यांचा पूर्वज सांगितला, आणि त्याच्या त्या कंदिलावरून लोकांनी दिलेलं आडनाव सांगितलं. घरातले पुरुष साथीत गेले तेव्हा एका विधवेने कंदील आणि आडनाव दोन्ही कसं चालू ठेवलं, ते सांगितलं. नदीवर पूल झाला, कंदिलाचं काम संपलं, घरं पांगली, कोण कुठे गेलं, तेही सांगितलं. गुरुवारी लोक चहा विसरत, तसे व्याही दाराशी उभे राहून ऐकत होते. डोळे ओले झाले होते त्यांचे.

"काही राहिलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

आडनाववाले थांबले. एक गोष्ट राहिली होती. कंदील पेटवताना तो पूर्वज एक शब्द म्हणायचा. आजोबांनी तो त्यांच्या कानात सांगितला होता आणि त्यांनी भिंगरीच्या कानात, ती तान्ही असताना. बाकी कुणाला तो माहीत नव्हता. क्षणभर ते घुटमळले. पण गोष्ट अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी तो शब्दही सांगितला.

बाहेर आले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि अंग ताप उतरल्यासारखं हलकं झालं होतं. "बरं वाटतंय?" विहीणबाईंनी पाणी पुढे केलं. खरंच बरं वाटत होतं.

लग्न झालं. घर सुनंसुनं झालं, पण ते सगळ्याच घरांचं होतं. भिंगरी रोज फोन करायची, बडबड बडबड करायची. आईला म्हणायची, "बाबाला दे." मग फोन एक दिवसाआड आला. मग रविवारी. नवा संसार आहे, आडनाववाले म्हणाले. बायको म्हणाली, "मला नका समजावू, स्वतःला समजावा."

त्याच सुमारास एकदा दवाखान्यात नंबर लावून बसले असताना त्यांच्या ध्यानात आलं, की तिथली मुलगी सगळ्यांना आडनावाने हाक मारतेय आणि त्यांची पाळी आली की "आजोबा, तुम्ही या" म्हणतेय. पार्सल घेऊन आलेला माणूस त्यांच्याच दाराशी, त्यांच्याच पाटीसमोर उभा राहून शेजारच्यांची बेल वाजवून विचारत होता, की इथे कोण राहतं. आडनाववाल्यांनी त्याला झापलं. "डोळे आहेत का बटणं? पाटी दिसत नाही?" तो गोंधळून पाटीकडे बघत राहिला. तो गेल्यावर त्यांनीही बघितलं. पितळेची पाटी जागेवर होती. अक्षरंही होती. त्यांनी ती एकेक करून वाचली, आणि शेवटच्या अक्षराशी पोचेपर्यंत पहिलं कुठलं होतं ते गेलं. पुन्हा वाचली. पुन्हा तेच. वय झालं, असं म्हणून ते आत आले, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग भिंगरी भेटायला आली. खाली रिक्षाचा आवाज आला म्हणून ते दार उघडून उभे राहिले, तर ती त्यांच्यासमोरून पुढे जाऊन शेजारच्या दारावर टकटक करत होती.

"अगं ए, भिंगरी!"

"अय्या," ती हसली. "सगळी दारं सारखीच दिसतात."

ती बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसली. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून. बाथरूम कुठे आहे ते तिने विचारलं. आईने केलेला शिरा खाल्ला आणि "फार छान झालाय, मला कृती द्याल का?" म्हणाली. द्याल. आईला अहोजाहो! आडनाववाल्यांना वाटलं गंमत करतेय. त्यांनी वाट बघितली, ती आता हसेल, आता आपल्या बशीतला घास उचलेल. निघताना ती वाकून त्यांच्या पाया पडली. कधी पडली नव्हती. "काळजी घ्या हां तुम्ही," ती म्हणाली.

दार लागलं आणि बायको मटकन खाली बसली. "काय केलं हो त्यांनी माझ्या पोरीचं?" म्हणून तिने हंबरडा फोडला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते रेडिओ केंद्रात गेले. तंत्रज्ञ बाईला म्हणाले, "माझा जुना एखादा कार्यक्रम लाव. कुठलाही. सुरुवात ऐकव."

तिने लावला. त्यांचाच आवाज, भरदार. "नमस्कार श्रोतेहो, मी..." आणि मग काहीच नाही. नंतर, "...आज आपण घेणार आहोत."

"मध्ये काय कापलंस?"

"काहीच नाही कापलं. इथे तुम्ही नेहमीच थांबता की."

तिने दुसरा लावला, तिसरा लावला. कितीतरी वर्षांपूर्वीचा एक लावला. प्रत्येक वेळी "मी" आणि मग तीच फट. तिने आवाज पूर्ण वाढवला. रेडिओवर शांततेलाही एक सुरसुर असते, पंख्याची, श्वासाची, तारेची. त्या फटीत तीही नव्हती. हा आवाज, म्हणजे आवाजाचं हे नसणं, त्यांनी एकदाच ऐकलं होतं. एका खुर्चीत बसून.

"सर, घाम आलाय तुम्हाला," बाई म्हणाली.

"मला एकदा माझ्या आडनावाने हाक मार," ते म्हणाले.

ती हसली. मग तिने तोंड उघडलं. मग ती नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिली.

घरी आले तर चुलत भावाचा फोन. "दादा, तुला म्हणून विचारतो. आपण मूळचे कोठारीच ना रे?"

"डोकं फिरलंय का तुझं? आपण कुठले कोठारी!"

"मग कोण?"

आडनाववाले आठवू लागले. नदीचं काहीतरी होतं. नदी होती की रस्ता? कुणीतरी काठावर उभं राहून काहीतरी करायचं. काय करायचं?

"नाही, पोरांनी दारावर तशी पाटी लावलीय," भाऊ समाधानाने म्हणाला. "छान दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळेला ते व्याह्यांच्या दुकानाच्या दारात उभे होते. व्याह्यांनी त्यांना बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. चारी बाजूंनी चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी.

"माझी मुलगी मला ओळखत नाही," ते म्हणाले. किती ठरवून आले होते, असं बोलीन, तसं बोलीन. एवढंच आलं तोंडातून.

व्याह्यांनी मान कलती केली. "सुखात आहे हो ती. आम्ही फुलासारखं जपतो."

"तुम्ही काय घेतलंत आमचं?"

"घेतलं नाही. आम्ही कुणाचं काही घेत नाही, सांभाळतो. तुम्ही दिलंत, आम्ही ठेवलं." त्यांच्या बोलण्यात कपटाचा लवलेश नव्हता. आडनाववाल्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. "आणि इतकं भरभरून कुणी दिलं नव्हतं. लोक नुसतं नाव देऊन जातात, तेव्हा मुलींना थोडंफार माहेर राहतं. तुम्ही मागे काही ठेवलंच नाहीत."

"परत द्या."

"देतो की."

ते खुर्चीतून अर्धे उठले.

"ठेव केव्हाही परत मिळते," व्याही म्हणाले. "तशी रीतच आहे. ज्याने ठेवली त्याने नुसतं येऊन सांगायचं, काय ठेवलं होतं ते."

"माझं आडनाव ठेवलं होतं!"

"हो. कुठलं?"

पंखा फिरत होता. आडनाववाल्यांनी खिशातून ओळखपत्र काढून काचेवर आपटलं. "हे बघा. वाचा."

व्याह्यांनी ते दोन बोटांनी अलगद त्यांच्याकडे फिरवलं. "तुम्ही वाचा. ठेवणाऱ्याच्याच तोंडून यावं लागतं."

त्यांनी वाचलं. पहिलं अक्षर. दुसरं अक्षर. त्यांनी बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं. व्याही वाट बघत होते, अगदी मनापासून, आता येईल, आता येईल अशा आशेने. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आठवलं की या," शेवटी ते म्हणाले. "केव्हाही या. कोठीला कुलूप नसतं आमच्या."

घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, ते त्यांना कळत नव्हतं. पण तिने काही विचारलंच नाही. त्यानंतरही विचारलं नाही. भिंगरीचा विषयच तिने बंद केला. रडणंही थांबलं. आत कुठेतरी दगड ठेवलाय बिचारीने, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनीही तो विषय काढून तिला दुखवलं नाही.

गुरुवारचा कार्यक्रम त्यांनी सोडला नाही. का सोडला नाही, ते त्यांचं त्यांनाच माहीत. दुसऱ्यांच्या आडनावांचं सगळं त्यांना पाठ होतं. अर्थ, गावं, वाटा. फक्त एवढंच झालं होतं, की हल्ली फोन करणाऱ्यांत कोठारी फार असत. पुष्कळच असत.

पुढे एका गुरुवारी वेळ संपत आली होती. काचेपलीकडून तंत्रज्ञ बाईने बोट वर केलं. शेवटचा फोन.

"नमस्कार, सर. मी कोठारी बोलतेय."

हा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता, तेव्हा तो रडत होता. इस्पितळाच्या बंद दाराआड. आणि ते बाहेर बाकावर बसून हसत होते.

"भिंगरी," ते म्हणाले.

"काय म्हणालात, सर?"

"भिंगरी, मी बाबा."

तंत्रज्ञ बाईने काचेवर हात ठेवला.

पलीकडून एक अवघडलेलं, समजूतदार हसू. "लाइनमध्ये काहीतरी गोंधळ होतोय वाटतं. सर, मी प्रश्न विचारू?"

"विचार, बाळा."

"मला सातवा महिना आहे. सासरे म्हणतात, बाळाला आत्तापासून आपल्या आडनावाची गोष्ट ऐकवावी. आणि तुमच्यासारखी कुणालाच सांगता येत नाही. कोठारीची गोष्ट पुन्हा सांगाल का?"

त्यांनी डोळे मिटले. मग सांगितली. दुसरं काय होतं त्यांच्याकडे तिला द्यायला? कोठार म्हणजे साठवणीची जागा, इथपासून सुरुवात केली. वाळवंट सांगितलं, किनारा सांगितला, डोंगर सांगितला. आवाज हलू दिला नाही.

ती ऐकत होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"किती छान सांगता हो," ती म्हणाली. "सर, तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"नशीबवान आहे," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

ते पायी घरी आले. दार उघडंच होतं. बायकोने स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला होता. त्यावर आता बातम्या चालल्या होत्या. त्यांना बघून तिने चहा टाकला आणि आवाज बारीक केला.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं ना. ती शेवटची मुलगी किती गोड बोलत होती." तिने कप त्यांच्यापुढे ठेवला, साखर घातली, ढवळली. "पण तिला उगाच खोटं का सांगितलंत हो? आपल्याला कुठे मुलगी आहे?"